मोटरला अदब शिकवणारे लोक

सायकलला मोटर बसवणाऱ्यांचे तीन पंथ आहेत आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नाही.

पहिला पंथ मोटर मागच्या चाकात घालतो. मोटरसकट तयार चाक आणायचं, जुनं काढून ते बसवायचं, बॅटरी कॅरिअरला आवळायची आणि संध्याकाळी भाजी आणायला निघायचं. हे लोक सुखी असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नाही. दुसरा पंथ मोटर पायडलांच्या मधोमध, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) नळीत बसवतो. मोटर चेन ओढते, चेन चाक ओढते, म्हणजे सायकलला जेवढे गियर तेवढे मोटरलाही मिळतात. चढावर खालचा गियर टाकला की मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते, तापत नाही. या पंथाला पहिला पंथ अडाणी वाटतो. तिसरा पंथ संख्येने लहान आणि बोलायला मोठा. त्याला मधली मोटर मान्य असते, पण मागच्या चाकाशी लोंबणारा, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर बघवत नाही. त्याला गियर हबच्या पोटात हवे असतात, झाकलेले, तेलातले, कोणाच्या नजरेस न पडणारे. आणि मग ते कोणाच्याच नजरेस पडत नाहीत म्हणून तो आयुष्यभर हळहळतो.

पुण्यात हा तिसरा पंथी ओळखायला सोपा. रविवारी सकाळी अमृततुल्यासमोर सायकल स्टँडवर लावून तो चहा पीत उभा असतो. त्याचं लक्ष चहाकडे नसतं. सायकलकडे कोण बघतंय याकडे असतं. बघणारा हमखास येतो आणि हमखास चुकीचा प्रश्न विचारतो.

“काका, मोटर मागं बसवलीय वाटतं?”

“मागे गियर आहेत. मोटर खाली आहे, पायडलांपाशी.”

“गियर कुठं दिसत नाहीत.”

“आत आहेत, हबमध्ये.”

“एवढं मोठं हब? मग मोटरच की ती!”

यावर उत्तर नाही. मागच्या चाकातला तो जाडजूड डबा पाहून सोसायटीचा वॉचमन, चौकातला हवालदार, शेजारच्या फ्लॅटमधले सासरे, सगळे एकच निदान करतात. खरी मोटर बिचारी खाली अंधारात चेनव्हीलमागे राबत असते आणि श्रेय हबला मिळतं. तिसरा पंथी चिडतो. कारण त्याने एवढा खटाटोप केला तो पहिल्या पंथातला समजलं जाण्यासाठी नव्हे.

बाजू मात्र त्याची भक्कम आहे. डिरेलर ही सायकलच्या अंगाबाहेर काढलेली नाजूक वस्तू आहे आणि आपल्याकडे पार्किंगमध्ये दोन वाहनांच्या मध्ये जागा उरली की तिथे तिसरं घुसवायची रीत आहे. स्कूटरचा स्टँड एकदा डिरेलरला लागला की पुढे महिनाभर गियर स्वतःच्या मर्जीने पडतात. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल चेनवरून थेट दातांत जातो. सिग्नलला अचानक थांबावं लागलं आणि सायकल वरच्या गियरमध्ये असली तर डिरेलरवाला अडकला. पायडल फिरल्याशिवाय गियर बदलत नाही आणि गियर जड असल्यामुळे पायडल फिरत नाही. हबवाला उभ्या उभ्या मूठ पिरगाळतो, तीन गियर खाली उतरतो आणि सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतो. शहरात सायकल चालवणाऱ्याला याहून मोठं सुख ठाऊक नाही.

ही काही नवी करामत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला, रॅले सायकलींच्या गावी, १९०२ साली स्टर्मी-आर्चर नावाचं तीन गियरचं हब बाजारात आलं. नावातले स्टर्मी हे पत्रकार, आर्चर हे अभियंते, आणि ज्याच्या डोक्यातून ते यंत्र निघालं तो विल्यम रायली नावात कुठेच नाही. आधीच्या मालकाशी केलेल्या कराराने त्याचे हात बांधलेले होते, म्हणून पेटंट आर्चर यांच्या नावावर गेलं. काम एकाचं आणि पाटी दुसऱ्याची, ही पद्धत आपल्याच कचेरीत निघाली असं ज्यांना वाटतं त्यांनी धीर धरावा.

या घराण्यातलं सर्वांत दणकट अपत्य म्हणजे १९३०च्या दशकात आलेलं ‘एडब्ल्यू’ हब. ते उघडलं की मधोमध २० दात्यांचं एक चाक दिसतं, एक्सलवर कायमचं, जागचं न हलणारं. त्याला म्हणतात सूर्य. त्याच्याभोवती चार लहान चाकं, ते ग्रह. आणि सगळ्यांना कवेत घेणारं, आतून ६० दाते असलेलं एक कडं. जोर ग्रहांच्या बाजूने देऊन कड्याच्या बाजूने घेतला की ६० अधिक २० भागिले ६०, म्हणजे चाक पायडलच्या हिशेबाहून तृतीयांशाने जास्त फिरतं. हाच खेळ उलटा केला की पाऊणपट. आणि दोघांना सोडून थेट जोर दिला की एकास एक. झाले तीन गियर. कॅलक्युलेटर नको, बॅटरी नको, वर्षातून काही थेंब तेल हवं. शिवाय हबच्या पाठीवर तयार झाल्याचा महिना आणि साल ठोकलेलं असतं, त्यामुळे वयाविषयी खोटं बोलायची सोय नाही.

एवढ्या गुणी यंत्रात एकच खोडी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक अशी जागा, जिथे कुठलाच गियर नाही. गियरची तार जराशी सैल पडली की सायकल त्या जागेत शिरायची आणि पायडल एकदम मोकळं फिरायचं. उभं राहून पायडल मारणारा पुरुष त्या क्षणी दांड्याला ज्या वेगाने भेटतो, तो वेग कोणी मोजलेला नाही. भेटलेल्यांपैकी कोणी मोजायच्या अवस्थेत नव्हतं. नव्या हबमध्ये ही जागा बुजवली आहे.

आता मुद्द्याचं. हबमधला गियर बदलतो म्हणजे आत एक बोट या खाचेतून निघून त्या खाचेत बसतं. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी आठवा. दारावर दाब असला की कडी सरकत नाही. नवा पाहुणा कडीलाच हिसके देतो, घरचा माणूस दार किंचित आत ओढतो आणि कडी बोटाने सरकवतो. हबचं एवढंच मागणं आहे. बदलताना निमिषभर जोर काढा. नाही काढला, तर बोट खाचेच्या काठावर घासतं, दाता गुळगुळीत होतो आणि एक दिवस ‘कडाक्’ असा आवाज येतो. त्या आवाजानंतर सायकल ढकलत घरी न्यावी लागते.

माणसाच्या पायाकडून ही अदब आपोआप पाळली जाते. ८० किलो वजनाचा गृहस्थ आडव्या पायडलवर सगळा भार देऊन उभा राहिला तर क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांडीवर, सुमारे १३० न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आणि हा काही थोडका नाही. पण पायडलं उभ्या रेषेत आली की तोच पीळ जवळजवळ शून्यावर येतो. प्रत्येक फेरीत असं दोनदा होतं. त्या दोन फटींत आतली स्प्रिंग आपलं काम उरकून घेते. मालकाला वाटतं, गियर किती हळुवार बदलला! खरं तर मालकाचा पाय क्षणभर आळसावला होता.

मोटरला आळस ठाऊक नाही. ती सगळ्या फेरीभर सारखी ओढत राहते. बीबीत बसणाऱ्या बाफांग कंपनीच्या मोटरींमध्ये २५० वॅटपासून पुढचे प्रकार मिळतात. ७५० वॅटची एक आहे, आणि ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. मोठी बीबीएसएचडी १००० वॅटची, तिचा पीळ १६० न्यूटन-मीटरपर्यंत जातो असं बनवणारेच सांगतात. धडधाकट माणूस तासभर चालवताना १०० वॅटच्या आसपास ताकद देतो. म्हणजे नॉटिंगहॅममध्ये एका माणसाच्या पायासाठी बेतलेल्या घराण्याच्या दारात आपण घोडा आणून उभा केला, आणि त्याला सांगितलं, कडी तूच काढ.

इथे तिसऱ्या पंथाची खरी परीक्षा सुरू होते आणि त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. ही माणसं दाते मोजतात. पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील आणि मागे २२चं असेल, तर क्रँकवरचा १६०चा पीळ हबला ८० होऊन पोचतो. चढ सोपा व्हावा म्हणून पुढे ३२चं चेनव्हील लावलं, की तोच पीळ ११० होऊन पोचला. म्हणून हबचं भलं चिंतणारा माणूस पुढचं चेनव्हील मोठं ठेवतो आणि चढाची सोय हबच्या खालच्या गियरवर सोपवतो. हे सूत्र समजावून सांगताना तिसऱ्या पंथीला चहाच्या टेबलावर बिस्किटं आणि बशी लागते. त्याच्या बायकोला ते पाठ असतं, पण ती ‘हो का?’ म्हणते.

मग येतो पंथाचा लाडका दागिना, गियर सेन्सर. गियरच्या तारेवर बसवायची ही छोटी डबी. तार हलली की ती मोटरला खबर देते आणि मोटर निमिषभर गप्प बसते. बस, तेवढ्यात कडी सरकते. माणसाचा पाय जे काम फुकटात आणि नकळत करत होता त्यासाठी हजारो रुपयांचं उपकरण मागवलं जातं, आणि ते आल्यावर पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात. सेन्सर न घेणारे ब्रेकची मूठ जरा दाबून मोटर तोडतात, मग गियर बदलतात. हाही उपाय चालतो, फक्त मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला ब्रेकचा दिवा लागल्याचं कारण कळत नाही आणि तो ते मोठ्याने विचारतो.

हब कोणतं, यावर तर एकमत होणं नाही. शिमानोच्या आठ गियरच्या हबचा पल्ला चांगला, सगळ्यांत खालच्या आणि वरच्या गियरमध्ये तिपटीचं अंतर. पण त्याच्या तारेचा ताण जुळवणं हे एक व्रत आहे. चौथा गियर टाकायचा, सायकल उलटी करायची, हबच्या कडेला बारीकशा खिडकीत दोन पिवळ्या रेघा दिसतात त्या एका ओळीत येईपर्यंत तारेचा स्क्रू फिरवायचा. रेघा जुळल्या की गियर लोण्यासारखे पडतात. केसभर सरकल्या की एखादा गियर कुरकुरतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून त्या रेघा शोधताना पाहावं. वर्तमानपत्र हात लांब करून वाचणारा हाच इसम.

शिखरावर आहे जर्मनीचं रोलॉफ. १९९८मध्ये आलं. १४ गियर, प्रत्येकात सारखं अंतर, वरखालचा पल्ला ५२६ टक्के. तेल बरोबर २५ मिलिलीटर, आणि ते ५००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदलायचं, सिरिंजने. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस बायकोला विचारणारा माणूस हबच्या तेलाचा डोस झोपेत सांगतो. रोलॉफच्या पोटात प्लॅस्टिकच्या काही पिना असतात. जोर मर्यादेपलीकडे गेला तर आधी त्या तुटतात, दाते वाचतात. इतकी समजूतदार व्यवस्था माणसांच्या कुटुंबात क्वचित दिसते. किंमत रुपयांत लाखाच्या पुढे जाते, म्हणून घरी ती सांगताना लोक युरोमध्ये सांगतात. आकडा लहान दिसतो.

गियरच नकोत म्हणणाऱ्यांसाठीही हब आहे. एनव्हिओलोच्या हबमध्ये दाते जवळजवळ नाहीतच. तेलात बुडालेले गोळे आपली कूस बदलतात आणि वेगाचं प्रमाण सलग सरकत जातं. पायऱ्याच नसल्यामुळे खाच नाही, बोट नाही, कडाक् नाही. मोटरच्या जोराखालीही ते बऱ्यापैकी सोशिक. वजन मात्र असं की सायकल जिन्यावरून वर नेणाऱ्याला ती खालीच का राहात नाही असा प्रश्न पडतो.

परदेशी लोक हबगियरवर एक जोरदार आक्षेप घेतात. पंक्चर झालं तर मागचं चाक काढणं म्हणजे शिक्षा. तार सोडवा, १५च्या पान्याने नट ढिले करा, एक्सल जागेवर धरून ठेवणारे दोन वॉशर काढा, त्यांत डावा कोणता नि उजवा कोणता ते लक्षात ठेवा, बसवताना चेनचा ताण साधा. आक्षेप खरा आहे, पण आपल्या देशात तो गैरलागू आहे. आपल्या पंक्चरवाल्याने मागचं चाक काढल्याचं कोणी पाहिलंय का? तो सायकल आडवी करतो, टायरची एक कड उचकटतो, ट्यूबचा हवा तेवढा भाग ओढून बाहेर घेतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, घासतो, ठिगळ लावतो आणि ट्यूब परत आत कोंबतो. हबच्या आत आठ गियर आहेत की मोटर आहे की हापूस आंबे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तिसऱ्या पंथीने समोर उभं राहून हबची महती सांगायला सुरुवात केली, तर तो मान वर न करता विचारतो, “हवा पुढच्यात पण भरू का?”

या सगळ्या वादात एक गोष्ट कोणी बोलत नाही. मधली मोटर आणि मागे गियरचं हब, हा संसार जपानमध्ये केव्हाच सुरळीत लागलेला आहे. यामाहाने पायडलला साथ देणारी ‘पास’ सायकल १९९३मध्ये आणली, आणि आज तिथे पुढे एक मूल, मागे एक मूल, टोपलीत किराणा घेऊन चढ चढणाऱ्या आया ज्या सायकली चालवतात त्यांत मोटर पायडलांपाशी आणि मागच्या हबमध्ये तीन गियर ही सर्रास आढळणारी जोडी. त्या बाईंना हबचा पल्ला किती टक्के हे माहीत नसतं. त्यांना शाळेची वेळ माहीत असते. मोटर लहान, साथ पायाच्या जोराच्या मापात, पाय थांबला की मोटर थांबली. मग कडी आपसूक सरकते. घोडा नाहीच, तर त्याला अदब शिकवायचा प्रश्न कुठे येतो? युरोपातल्या कायद्यानेही २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घातली, आणि शिमानोने ई-सायकलींसाठी खास हब काढलं ते पाच गियरचं. १४ नाही, ११ नाही, पाच. कारण त्याच डब्यात चाकं कमी बसवली की प्रत्येक चाक जाड करता येतं.

आपल्याकडचे मोटार वाहन नियमही २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरीच्या वाहनाला नोंदणीतून मोकळं सोडतात. तिसऱ्या पंथाला हा नियम जाच वाटतो. मला मात्र तो हबच्या बाजूने लिहिलेला वाटतो. आरटीओला हबचा कळवळा असेल असं नाही, पण कधी कधी सरकारी कागदातून नकळत चांगलं घडतं. चांदणी चौकाचा चढ २५० वॅट आणि एक माणूस मिळून तीन गियरांवर चढतात. जरा सावकाश चढतात, एवढंच. आणि त्या चढावर मोटारगाड्या काय वेगाने चढतात ते आपण रोज संध्याकाळी पाहतोच.

तेव्हा ज्यांना हा नाद लागला आहे, किंवा घरातल्या कोणाला लागल्याची लक्षणं दिसत आहेत, त्यांच्यासाठी निवाडा असा. तीन किंवा पाच गियरचं हब घ्या. पुढचं चेनव्हील लहान करू नका. मोटर २५० वॅटची घ्या, आणि मोठी आधीच घेऊन बसला असाल तर कंट्रोलरमधला करंट उतरवा आणि सुरुवातीचा झटका मऊ करा. सेन्सर परवडला तर लावा, नाही तर गियर बदलताना पाय सैल सोडायची सवय लावा. चाकाची आउट काढून घ्या, कारण मोटरच्या ओढीने चाकाच्या तारा लवकर सैल पडतात. यातून जे पैसे वाचतील ते ब्रेकवर घाला. मोटर बसवणारे पाच मिनिटांत तुम्हाला टॉप स्पीड सांगतात. थांबायला किती अंतर लागतं, ते त्यांना एकदा विचारून बघा.